देवा, जरा सरकून घ्या

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न घेऊन उभा आहे, आणि प्रश्न जरा आगाऊच आहे. देवाला कुणी म्हणावं का — "देवा, थोडा सरक, इथे दुसऱ्याला बसायचंय"? म्हणावं का? नुसत्या माना डोलावू नका, उत्तर द्या! ह्या पुढच्या काकू नको म्हणतायत. बरोबर आहे. आपण देवाला पाय लागेल म्हणून लांबून वळसा घालणारी माणसं, आपण कुठलं त्याला सरक म्हणतोय! पण आमच्या भोरात एक गृहस्थ होते, ते म्हणाले. हात जोडून म्हणाले, पण म्हणाले.

पेटीवाले, सूर हलका धरा. हं... असाच वाहू द्या. आजचं आख्यान पाण्यातलं आहे. कुणाला पेंग आली तर खुशाल येऊ द्या, खांबाला टेका, मी रागावणार नाही. घोरलात तर मात्र रागावेन.

तर सोपानराव शेडगे. एसटीत कंडक्टर. उभा जन्म वरंध्याच्या घाटात गेला. गाडी कितीही भरलेली असो, सोपानराव दोरी ओढायच्या आधी एकदा मागे बघणार, आणि खणखणीत आवाजात, "जरा सरकून घ्या, पुढे जागा आहे!" जागा कुठली असणार हो! पण त्या आवाजात अशी काही जादू होती की माणसं खरंच सरकायची, आणि फुटबोर्डावरच्या म्हातारीला टेकायला मिळायचं. बायको लवकर गेली. मागे एक मुलगी, केतकी. तिच्या वेण्या घातल्या, डबे केले, तिला शिकवली. निवृत्त झाल्यावर मग देव सुरू झाले. खोलीत कडाप्प्याचा लांबच लांब कट्टा होता, त्यावर एकेक देव येत गेले. पंढरीचे आले, तुळजापूरचे आले, जेजुरीचे आले. देवघर कसलं, देवांचा डेपो झाला तो!

आता पुढचं ऐका. केतकी पुण्यात नोकरीला लागली आणि तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा बेळगावचा, निर्व्यसनी, बोलायला गोड. नाव ठेवायला जागा नाही! मग सोपानरावांना राग कशाचा? तर मला आधी विचारलं नाही, याचा. मंडळी, "मला विचारलं नाही" या दुखण्यावर अजून औषध निघालेलं नाही. लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, आणि पंगतीला न बसता परत आले. बापाशिवाय त्या पोरीच्या घशाखाली घास कसा उतरला असेल, ते ज्याचं त्यानं समजावं.

बेळगावला जायच्या दिवशी ती निरोपाला आली. हातात काचेचा एक वाडगा, तांब्याभर पाणी मावेल एवढा, आणि त्यात एक मासा. ऑफिसातल्या मैत्रिणींनी भेट दिलेला. फायटर मासा म्हणतात त्याला, कुणी बेट्टा म्हणतं. नाव भांडखोराचं, पण रूप? अहाहा! निळा, अगदी निळा, आणि पैठणीचा पदर पाण्यात सोडावा तसे त्याचे पंख. हलला की सगळं पाणी स्वप्नात असल्यासारखं वाटायचं. एवढ्या लांब हिंदकळत नेला तर जगणार नाही, म्हणून तिनं तो वाडगा बापासमोर ठेवला. "आबा, याला बघाल ना?" आबा खिडकीबाहेर बघत राहिले. ती वाकून पाया पडली आणि गेली.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. सोपानराव पडद्यावर नाव बघायचे आणि फोन पालथा घालायचे. शेजाऱ्यांनी विचारलं, तर म्हणे चष्मा सापडत नाही. चष्मा कपाळावर! पण मंडळी, राग मुलीवर धरता येतो, माया कुठे ठेवायची? ती जाते मग दुसरीकडे. ती गेली माशावर. त्याचं नाव ठेवलं निळू, आणि निळूची नेमणूक झाली थेट देवांपुढे.

आणि सेवा तरी कशी! पहाटे आंघोळ करून सोवळं नेसायचं. देवांची उपकरणी चिंचेनं घासायची, त्यातच वाडगाही लखलखीत घासायचा. तोवर निळू पंचपात्रात. मग नळाचं ताजं, गार पाणी भरायचं, कारण शिळं पाणी देवापुढे चालत नाही. वर तुळशीचं पान. नैवेद्यातली भाताची चार शितं. दोन्ही बाजूंना उदबत्त्या. सांगा, काही कमी होतं का? शेजारपाजारचे म्हणायचे, मासा असावा तर शेडग्यांच्या घरचा!

आणि मासा वाळत चालला.

पौषाची थंडी पडली. निळूचा निळेपणा उतरला, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा झाला. पंख मिटून तळाशी पडून राहायचा. मधेच कसाबसा वर यायचा, धुरात तोंड उघडायचा, पुन्हा खाली. सोपानरावांनी काय केलं? आपल्या सेवेत काही उणं राहिलं असेल, असं मनात आलं आणि दिवसातून दोनदा पाणी बदलायला लागले. उदबत्त्या वाढवल्या! हसू नका. आपणही प्रेम असंच करतो. समोरचा गुदमरतोय, आणि आपण धूप वाढवतोय.

एका दुपारी जेवण झाल्यावर सोपानरावांचा डोळा लागला. काय दिसलं? एसटी घाट चढतेय, पण आवाज नाही. गाडीत काठोकाठ पाणी भरलंय, निळंशार, आणि ऊन पाण्यातून खाली झिरपतंय. सगळ्या सीटांवर देव बसलेत, अगदी शांत, डुलत डुलत चाललेत. फुटबोर्डावर निळू. अंग चोरून लटकलाय. आणि त्याच्या मागे, हातात पिशवी घेऊन, केतकी. सोपानरावांना ओरडायचंय, सरका हो, आत घ्या त्यांना! पण तोंडातून शब्द निघेना, नुसते बुडबुडे. आणि गाडी आपली तरंगत तरंगत वळणाआड चालली...

दचकून उठले. वाडग्याशी गेले. निळू आडवा झाला होता. कल्ला मात्र हलत होता, अगदी मंद.

देवाचं नाव घ्यावं म्हणून हात जोडले, आणि ते हात आपोआप फोनकडे गेले. तिकडे पहिली रिंग पुरी वाजली नाही तोच तिनं उचलला. सोपानराव म्हणाले,

"केतके, तुझा मासा चाललाय गं."

ती म्हणाली, "आबा, मी तेच सांगायला रोज फोन करत होते."

ऐकलंत? रोज! तिकडे गेल्यावर तिच्या नवऱ्याच्या मित्राकडे तिनं असाच मासा मोठ्या टाकीत बघितला होता आणि तिच्या काळजात चर्र झालं होतं. आपण आबांकडे काय ठेवून आलो, हे तिला तेव्हा कळलं. उपाय तिच्याजवळ होता, तो रोज संध्याकाळी या घरात येऊन वाजत होता, आणि हे फोन पालथा घालत होते. मासा पाण्यामुळे मरत नव्हता, मंडळी. तो यांच्या अबोल्यामुळे मरत होता.

सोपानरावांनी आपली सगळी सेवा सांगितली. तिनं बापाला एका शब्दानं दुखावलं नाही. हळूहळू समजावत गेली, की वाडगा त्याला पुरत नाही, निदान वीस लिटरची टाकी हवी. नळाचं पाणी एकदम घालायचं नाही, आदल्या दिवशी भरून ठेवायचं आणि त्यात क्लोरीन मारायचं औषध टाकायचं. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही, थोडंच काढायचं, थोडंच घालायचं. तो उष्ण मुलखातला आहे, म्हणून हीटर. पाणी हळूच फिरवणारा फिल्टर. लपायला झाडं, एखादी बोळकी. वर झाकण, कारण तो उडी मारतो, पण झाकणाखाली हवा राहू द्यायची, कारण तो वर येऊन श्वास घेतो. भात नको, त्याचं खाणं वेगळं मिळतं. आणि उदबत्ती लांब. शेवटी म्हणाली, "आबा, त्याला रोज धुतलेलं पाणी नको. मुरलेलं पाणी हवं."

दुसऱ्या दिवशी शिरवळच्या दुकानातून सगळं आलं. दुकानदारानं आपल्या चालू टाकीतला मुरलेला स्पंजही दिला, नवं पाणी लवकर मुरावं म्हणून. पण टाकी ठेवायची कुठे? खिडकीत ऊन. फ्रिजवर थरथर. टेबलाचा एक पाय लंगडा. भरल्या टाकीचं वजन पेलेल असा कट्टा घरात एकच, आणि विजेचा प्लगही तिथेच. पण कट्ट्यावर कोण? तेहतीस कोटी!

सोपानराव उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले, आणि मंडळी, किती तरी वर्षांनी तो आवाज त्या घरात निघाला.

"देवा, जरा सरकून घ्या. एक पॅसेंजर आहे."

आणि एकेक देव उचलून त्यांनी कट्ट्याच्या एका टोकाला दाटीवाटीनं बसवला. जेजुरीच्या शेजारी पंढरी, पंढरीच्या मांडीला लागून तुळजापूर. आता मघाचं उत्तर द्या! पाप लागलं? अहो, ज्यानं पहिला अवतारच माशाचा घेतला, त्याला माशाची अडचण होते होय? देव सरकायला कधीच तयार असतात. अडून बसतो तो आपण!

पेटी आणखी हलकी... हं.

आता बघा, डोळे मिटून बघा. संध्याकाळची वेळ आहे. समई लावलीय. काचेपलीकडे हिरवी पानं सावकाश डुलतायत, पाणी कोमट आहे, कुणाला कसली घाई नाही. पहिले काही दिवस निळू झाडामागून हललाच नाही. मग एक पंख उघडला. मग दुसरा. मग रंग आला, आधी शेपटीला, मग पोटाला, आणि एका संध्याकाळी तो समईच्या उजेडातून असा काही वळला, की सोपानराव आरतीचे शब्द विसरले आणि तसेच बघत बसले. घंटा हातातच राहिली. पण देवांनी काही तक्रार केली नाही.

काही दिवसांनी सकाळी बघतात तो पाण्यावर पांढरा फेस. झालं! पाणी नासलं, असं वाटून वाटी घेतली, फेस काढायला हात घातला, आणि हात थांबला. शहाणे झाले होते! आधी फोन केला.

"आबा, काढू नका हो. ते घर आहे. नर मासा सुखात असला की फेसाचं घर बांधतो."

"कुणासाठी गं? तो तर एकटाच राहतो."

"तो आपलं बांधून ठेवतो, आबा."

सोपानराव त्या फेसाकडे बघत राहिले. एवढासा जीव, बरोबर कुणी नाही, आणि तोंडातून एकेक बुडबुडा सोडून घर बांधतोय. मग ते बोलले, लग्नात जे बोलायचं राहिलं होतं ते.

"जावयाला घेऊन ये, केतके. मी तुझ्या लग्नात जेवलो नाही. तुझ्या हातचं वाढ मला."

मंडळी, ज्यांच्या घरी काचेच्या वाडग्यात फायटर मासा आहे, त्यांनी हात वर करा. करा, करा, लाजू नका! एक, दोन... ते मागे तिसरे. उद्या टाकी आणा. हीटर आणा, झाडं लावा. शोभेची वस्तू नव्हे ती, जीव आहे, आणि तो तुमच्याशी बोलू शकत नाही. हे झालं माशाचं.

आणि बाकीचे हात खाली ठेवून निवांत बसलेत. तुमच्याकडे मासा नाही, खरंय. पण तुमच्या फोनात एक नाव आहे. ते आलं की तुम्ही फोन पालथा घालता. बघा, किती जणांनी मान खाली घातली! त्या माणसाला तुम्हाला काय सांगायचंय, ते तुम्हाला ठाऊक नाही. कुणाचा जीव त्यात अडकलाय, तेही ठाऊक नाही.

आरतीला अजून अवकाश आहे. पेटीवाले सूर धरून बसतील, देव कुठे जात नाही. ज्याला तो फोन करायचाय, त्यानं आत्ता उठावं. अहो, मागचे दोघं उठले बघा. बघत काय बसलात त्यांच्याकडे? पाय आवरून घ्या, जाऊ द्या त्यांना.