पट्टी कुठे कापायची?

लाकडाच्या वखारीत शिंपीणबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे गणिताचे निवृत्त सर करवतवाल्याशी बोलत होते.

"फाटक मीटर बाय मीटर. तिरपी पट्टी निखळलीय, कुत्रं दोनदा पळालं."

"पट्टीचं माप सांगा, सर."

"एक पॉइंट चार एक चार दोन एक तीन पाच..."

"अहो, कापू कुठे?"

"तो आकडा संपतच नाही."

"मागल्या खेपेचा मीटरचा तिसरा हिस्सासुद्धा संपत नव्हता."

"त्यात निदान तीनच परत परत यायचा. याला तेवढीही शिस्त नाही."

शिंपीणबाईंना राहवेना. "फाटकच आणा, त्यावर पट्टी ठेवा, पेन्सिलीने खूण करा."

"कमाल आहे! चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हे सुचवलं नाही."

"मी सुचवलं होतं, सर," करवतवाला म्हणाला. "तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत."