दहावीला शिकवलेलं शेवटचं क्रियापद

सन्माननीय अध्यक्ष हैबतराव, मुख्याध्यापक काळुराम सर, व्यासपीठावरचे संस्थेचे सदस्य, माझे सहकारी, पालकवर्ग आणि शेवटच्या रांगेत बसूनही सगळ्यांच्या आधी ऐकू येणारे माझे दहावीचे विद्यार्थी,

माझा हा तिसरा निरोप समारंभ. बॅनर पहिल्या वेळचाच आहे, फक्त सालावर कागद चिकटवलाय. काटकसर ही आपल्या संस्थेची जुनी ओळख, तेव्हा तक्रार नाही. मे महिन्यात शाल घ्यायची आणि इंग्रजीला शिक्षक मिळाला नाही म्हणून जूनमध्ये पुन्हा वर्गात उभं राहायचं, असं दोनदा झालं. यंदाही ‘आठवडाभर बघा बाई’ म्हणून बोलावलं, आणि मी आले.

या आठवड्यात दहावीला ‘गिव्ह अप’ शिकवलं. वाक्यं मुलांनीच करायची होती. रितेशने केलं, ‘माझे बाबा तंबाखू गिव्ह अप करतात, दर सोमवारी.’ बाबा इथेच बसलेत, त्यांनी हसून घ्यावं. एका मुलीने बसमध्ये म्हाताऱ्या आजीला जागा दिली, तेही गिव्ह अप. गणित सुटेना म्हणून वही मिटली, तेही. चोर स्वतःहून पोलिसांत हजर झाला, तेही. रितेश वैतागला. “बाई, एवढं कोन लक्षात ठेवनार? सोडणे, एवढंच ठेवा ना.” मी म्हटलं, सोडतोय कोण, काय सोडतोय आणि कोणासाठी, एवढं बघ म्हणजे झालं.

हे सांगणं सोपं होतं. अध्यक्ष महोदय, आत्ता आपण जाहीर केलंत, ‘बाई कुठे जात नाहीत, मार्चपर्यंत आपल्याच आहेत.’ टाळ्या झाल्या, सगळ्यात जोरात दहावीच्या. मला मात्र कोणी विचारलं नव्हतं. त्या टाळ्यांनंतर नाही म्हणायचं, तर माणसाने उभं तरी कुठे राहायचं?

आपणा सर्वांचे माझ्यावर उपकार आहेत. इथे अष्टमी गावातल्या खोलीत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. शनिवारी पेणमार्गे जोह्याला घरी, सोमवारी परत. माझे यजमान प्रविण यांचा तिथे गणपतीचा कारखाना आहे. मूर्तीचे डोळे ते स्वतः आखायचे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. रोज व्यायाम झाला तर हात थोडा परत येईल, असं डॉक्टर म्हणतात. तो करून घ्यायला घरात कोणी नाही. फोनवर विचारलं की एकच उत्तर, “मना काय नाय झालं गो. तू पोरांचं बघ.” मला तेच ऐकायचं असायचं, म्हणून ते पटायचंही.

गेल्या बुधवारी न सांगता घरी गेले. शनिवारी मी पोचायचे तेव्हा हे तयार होऊनच बसलेले असायचे. त्या दिवशी अंगात बनियन, खांद्यावर शर्ट, आणि हे कारखान्याच्या दारात उभे होते. म्हणाले, “मितेशची वाट बघतोय. बटनं तो लावतो.” मितेश आमचा कारागीर. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, “तू यंदा पन थांबनार ते ठाऊक होतं. मग कशाला सांगायचं?”

हे रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते.

काळुराम सर, मान खाली घालू नका. तुम्ही तीनदा वर अर्ज केलात, मला माहीत आहे. पण दरवेळी मी हो म्हणत गेले, आणि शिक्षकाची जागा रिकामी आहे हे कोणाला टोचेनासं झालं. उद्या दुसऱ्या तासाला दहावीच्या वर्गात कोणी नसेल. ते मला जोह्यात बसूनही टोचेल. मुलांनो, तुम्ही मला दोष दिलात तर तो चुकीचा नसेल. तरीही उद्या मी येणार नाही. पालकांनी मात्र उद्या यावं, आणि संस्थेच्या दारात बसावं.

मला न्यायला आलेले हे समोरून खुणावताहेत, ‘पुरे गो आता.’ बरोबर आहे.

अध्यक्ष महोदयांचा शब्द मी भर सभेत मोडला, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते. आजवर दिलेल्या मायेबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. चहाला मात्र थांबत नाही. माझी खोलीवरची पेटी दाराशी आणून ठेवली आहे, आणि हे उठून तिकडेच निघालेत. त्यांनी ती उचलायच्या आत मला खाली उतरलं पाहिजे.