टूल नंबर अकराचं वर्णन

हे ज्याने कोणी लिहिलंय ना आजोबा, त्याला समोर बसवून विचारलं पाहिजे, की बाबा रे, तुला लिहिता येतं असं तुला सांगितलं कोणी? ही बघा ओळ — 'ग्राहकांच्या सारख्या नोंदी नीट लावते.' बस. संपलं. सारख्या म्हणजे किती सारख्या? नीट म्हणजे काय करून नीट? — पत्र परत पुढे करू नका, वाचलंय मी, पाठ झालंय. 'आपल्या निधनाची वार्ता समजून अतीव दुःख झाले', आणि पाठवलंय तुम्हालाच. बसा, वॉचमनकाका किल्ली घेऊन येईपर्यंत बसा. तुमचं श्रवणयंत्र त्या कपाटातच आहे, दुरुस्त होऊन तीन आठवडे झाले. तोवर मी तुमची नोंद सोडवते — स्क्रीनकडे बघत बोलले तर चालेल ना? हं.

तर झालं काय, आमच्या ग्राहकांची सगळी माहिती एका सॉफ्टवेअरमध्ये असते — कोणी कोणतं यंत्र घेतलं, काय बिघडलं, कोणाला कधी फोन केला. ते आता माणूस हाताळत नाही, एआय एजंट हाताळतो. त्याच्यापुढे सतरा टूल्स मांडलीत — एक नोंद शोधतं, एक पत्र पाठवतं, एक दुरुस्तीचं काम बंद करतं. कोणतं कधी उचलायचं हे त्याला कसं कळणार? प्रत्येकाखाली लिहिलेलं वर्णन वाचून. तेवढंच असतं त्याच्याकडे. चहा पिता पिता शेजारच्या टेबलाला विचारायची सोय नाही त्याला, की अहो, हे अकरा नंबरचं नक्की काय करतं? तर ते दोन नोंदींची एक करतं. कायमची. आता आजींचा आणि तुमचा फोन नंबर एक, पत्ता एक, आडनाव एक — केलं त्याने तुम्हाला एक. आजी गेल्या वर्षी गेल्या, तसं त्यांच्या नोंदीवर लिहिलेलं होतं, म्हणून मग तुम्हीही गेलात. गेलेल्या माणसाचं यंत्र परत कोणाला द्यायचं? दुरुस्ती बंद, शोकपत्र रवाना. अगदी मनापासून केलंय हो त्याने सगळं. हसताय? हसा. जिवंतपणी स्वतःचं शोकपत्र हातात घेऊन वर तुम्हीच हसताय, धन्य आहात.

आणि हा फॉर्म — साहेबांनी दिलाय. 'सदर चूक एआय एजंटकडून झाली, माझी काही तक्रार नाही.' खाली तुमची सही. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये हा दाखवला की प्रकरण मिटलं. एजंटची चूक म्हणे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी 'तिकडचं जरा बघ' एवढंच सांगायचं, आणि त्याने भलतंच बघितलं की त्याच्या नावाने खडे फोडायचे. लिहायला काय लागत होतं? 'दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत अशी खात्री असेल तरच वापरा. फोन किंवा पत्ता जुळतो एवढ्यावर वापरू नका, एका घरात अनेक माणसं राहतात. केलेलं परत फिरवता येत नाही. शंका आली तर थांबा आणि माणसाला विचारा.' चार-पाच वाक्यं. चहा गार व्हायच्या आत झाली असती. पण शुक्रवार होता, लिहून लिहून कंटाळा आलेला, आणि मैत्रिणी खाली गेटपाशी थांबलेल्या — म्हणजे, थांबल्या असतील. ज्याने लिहिलं त्याच्या.

असं बघू नका हो. बरं — मी लिहिलं. मीच. कॉलेजात 'स्पष्ट भाषा हा प्रत्येकाचा हक्क' म्हणून पोस्टरं रंगवत फिरणारी, अर्जांमधली अगम्य वाक्यं माइकवरून वाचून टाळ्या घेणारी मी. मला कळतंय म्हणजे समोरच्यालाही कळतंय, असं धरून चालले. साहेबांना माहीत नाही. कोणती ओळ कोणी लिहिली याची कुठेच नोंद नाही, ती एक गंमतच. तुम्ही सही केलीत की मी सुटले. नाही केलीत, तर मला उठून नाव सांगावं लागणार — आणि मला कायम करायचं की नाही ते याच आठवड्यात ठरतंय. आता तुम्हीच सांगा, काय करू? नुसती मान हलवू नका — अहो — अहो, सही कशाला केलीत? मी एवढं सगळं ओकले तरी? माफ केलंत? इतक्या सहज? आमच्याकडे एक कप फुटला तर आई दोन दिवस बोलत असते. थँक्यू, आजोबा. खरंच. मी हा फॉर्म आता —

आलात का काका, उघडा ते कपाट, द्या ती डबी. काय माणूस आहे बघा, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक शब्द बोलले नाहीत.

"ऐकतील कशाने, ताई? मशीन तर तीन आठवडे आपल्या कपाटात. मघाशी दारात म्हणाले, कागद पुढे केला तर मशीन मिळाल्याची पावती असेल, करून टाकीन सही. — हं, आजोबा, घाला कानात. बसलं? आता सांगा ताई, पहिल्यापासून."