कुंपणापलीकडची गाय

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या चर्चचे कारभारी डीकन एलिफलेट वार्डवेल, व्यासपीठावरचे धर्मगुरू आणि विश्वस्त मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती मिस थर्झा कोलबर्न, पहिल्या रांगेतल्या पेटिंगिलबाई, आणि मागे आल्याच्या केकवर लक्ष ठेवून उभ्या असलेल्या तमाम वेस्ट हार्लोकर बंधुभगिनींनो,

चित्रकलेच्या बाईंना निरोप द्यायचा आणि बोलायला लाकडाच्या वखारवाल्याला उभं करायचं, हा आपल्या विश्वस्तांचा विनोदच म्हणायचा! मी शाळेत गेलो तो फक्त छप्पर घालायला. पण माझी लेक ड्रुसिला या कन्या-विद्यालयात शिकते, आणि करवतीच्या आवाजात जन्म काढूनही माझे कान अजून शाबूत आहेत.

बाई येण्याआधी आपल्या मुली निसर्गचित्र कसं काढायच्या? छापील चित्रावरून. ऱ्हाईन नदीकाठचा पडका किल्ला, वर चंद्र. गावातल्या कुठल्याही दिवाणखान्यात जा, तोच किल्ला, तोच चंद्र. एकदा मी एकाकडे जेवायला गेलो, तर अर्ध्या जेवणापर्यंत मला आपल्याच घरी बसल्यासारखं वाटत होतं. यजमानीण माझ्याशी गोड बोलली, तेव्हा कुठं चूक लक्षात आली.

(माझी बायको दाराजवळ बसली आहे, हे मला आत्ता दिसलं. असो.)

बाईंनी काय केलं? मुलींना टोप्या घालून नदीवर नेलं आणि म्हणाल्या, "दिसतं तेच काढा." मुलींनी दिसलं तेच काढलं. टेकडी, नदी, पेटिंगिलबाईंचं गवताचं कुरण, आणि त्यात मनसोक्त चरणारी, एक शिंग खाली वळलेली तांबडी गाय.

वार्षिक प्रदर्शनात ही चित्रं ओळीनं लागली. सकाळच्या चित्रात गाय, संध्याकाळच्या चित्रात गाय, धुक्याच्या चित्रात नुसतं शिंग. पेटिंगिलबाई भिंतीच्या कडेकडेनं चालत शेवटच्या चित्रापाशी पोचल्या आणि ओरडल्या, "अगं बाई! आणि गवत फस्त झालं म्हणून मी हरणांना शिव्या घालतेय!"

अध्यक्ष महाराज, पाणी हवंय का? घ्या, घ्या.

तेव्हा आपण काय म्हणालात, ते सर्वांना आठवत असेल. "ही माझी गाय नव्हेच! ही कल्पनेतली गाय आहे!" त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "डीकनसाहेब, कल्पना पुढच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे."

सभागृह हसलं, आणि तिथंच बाईंची नोकरी गेली. बाई मुलींना नसलेलं काढायला शिकवतात, खोटेपणाची सवय लावतात, सबब त्यांना निरोप द्यावा आणि पुन्हा किल्ला सुरू करावा, असा ठराव आला. मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं तो मंजूर झाला. उद्या सकाळच्या घोडागाडीनं बाई निघणार. कुठं जाणार, विचारलं तर म्हणतात, "बघू." ज्याला जायला ठिकाण असतं, तो 'बघू' म्हणतो का हो?

मुली मात्र आज्ञाधारक. निरोपाची भेट म्हणून त्यांनी ठरावाप्रमाणे किल्लाच काढलाय. ड्रुसिला, ओढ पडदा.

वा! ऱ्हाईन नदी, बुरूज, चंद्र. आणि बुरुजाखाली, चांदण्यात, निवांत रवंथ करत…

हसू नका मंडळी! कल्पनेतलीच गाय आहे. हो की नाही, अध्यक्ष महाराज? उजवं शिंग बघा कसं छान खाली वळलंय…

काय म्हणालात? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मला आलं. "उजवं कुठलं? डावं! माझ्या टॅन्सीचं डावं शिंग वाकडं आहे!"

मंडळी, हे वाक्य अध्यक्षांचं आहे, माझं नव्हे. म्हणजे गाय खरी. गाय खरी तर चित्रं खरी, आणि चित्रं खरी तर ठराव कशाच्या जोरावर उभा? डीकनसाहेब, ठराव मागे घेताय ना? मान हलली ती होकाराची, की आखडली म्हणून? होकाराची! पेटिंगिलबाई, पाहिलंत ना? काय? "आणि माझ्या कुरणाच्या कुंपणाचं काय?" फळ्या माझ्या वखारीतून, खिळे ठोकायचे अध्यक्षांनी.

बाई, ट्रंक उघडा. मुलींचं शिंग चुकलंय, ते सोमवारी दुरुस्त करून घ्यायचं आहे. मुद्दाम चुकवायला त्यांना कुणी सांगितलं, याची चौकशी नको.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. निरोप द्यायला उभा राहिलो आणि नेमका निरोपच द्यायचा राहून गेला, एवढी उणीव पोटात घाला. आता केक कापा.