ताडपत्रीखालचा आकार

उत्तनच्या धक्क्यासमोर बसच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे सासूला काळा चष्मा. सून समुद्राकडे बघत होती.

"आय, बोट आली! पण केवढी लांब दिसते."

"लांब कशी असंल? मधी फट हाय का बघ."

"हाय. दोन हायत. पुढची मागचीला ओढून आणते."

"मागची कोणाची? डोलकाठी बघ."

"डावीकडं कललेली."

"मंग आपलीच. माणसं मोज."

"दोघं उभे हायत."

"काल गेले तिघं. माझा लेक रॉक कुठं?"

"न्हाय दिसत. ताडपत्रीखाली काय तरी आडवं हाय."

"जाळं असंल."

"जाळ्याचा ढीग होतो, आय. हे माणसाएवढं लांब हाय."

"रडू नको. मला तुझ्याच डोळ्यांनी बघायचंय. ताडपत्री सपाट हाय का?"

"न्हाय. मधी उंच झालीय, तंबूसारखी."

"डेल्फिन, तो घरी कसा झोपतो?"

"उताणा. एक गुडघा उभा करून."

"लहानपणापासून तसाच. बघत राहा त्या तंबूकडं."

"आय, पडला! तंबू पडला!"

"नजर हलवू नको."

"सगळं सपाट झालं, आय."

"बघ म्हणते ना!"

सून रांग सोडून दोन पावलं पुढे गेली.

"काय झालं? बोल की!"

"परत उठला. आता पलीकडचा."

"पाय बदलला त्यानं. आता रड हवं तेवढं, पण आधी त्याला घरी न्यायला रिक्षा थांबव."