टायरची बोलकी डबी

...आणि वर मेहुणाच मला म्हणतो, "दाजी, तुमची निवड चुकली!" माझी? अहो, घर घेताना लावला नसेल एवढा वेळ मी त्या डबीला लावला! डबी म्हणजे, टायरमधली हवा सांगणारं यंत्र हो. चार चाकांना चार टोपणं बसवायची, डबी समोर काचेपाशी ठेवायची, की हवा कमी झाली रे झाली, डबी बोंबलते! आता हे कशाला? तर मागे एकदा भर रस्त्यात आमचं टायर बसलं आणि तेव्हापासून बायको गाडीत पाय ठेवीना. "हवेचा काय भरवसा?" झालं! इकडे लेकीला मुलगी झालेली, आमची पहिली नात, आणि माझं एकच स्वप्न... आजी-आजोबा लेकीच्या दारात स्वतःच्या गाडीतून ऐटीत उतरतायत! पण नाही. हवेचा काय भरवसा?

गेलो मेहुण्याला घेऊन दुकानात. दुकानदाराने दोन डब्या काढल्या. एक मुकी. "साहेब, ही घ्या. काही बिघडलं तरच लाल दिवा लागतो, एरवी गप्प." आणि दुसरी... काय सांगू तुम्हाला! रंगीत पडदा, चारही चाकांचे आकडे, हवा किती, टायर किती तापलं, सगळं क्षणाक्षणाला! मेहुणा तर नाचायलाच लागला, "दाजी, आकडेवालीच घ्या! ताईला डोळ्यांनी दिसलं की भीती पळालीच!" मलाही पटलं हो! दुकानदार बिचारा पुन्हा म्हणाला, "मुकी बरी, साहेब." म्हटलं, ठेवा तुमची मुकी तुमच्यापाशी!

आणि बसली हो बायको गाडीत! खरंच बसली! चारही चाकांत तेहतीस, ती खूश, मी तर काय, हवेतच! गावाबाहेर पडतोय तोच... "अहो, चौतीस." म्हटलं, अगं, टायर तापलं की हवा फुगते, तेवढं चालतं. "पस्तीस झाले!" चालतं गं! "मागचं डावं छत्तीस! बाकीची पस्तीसच! म्हणजे त्यातच काहीतरी शिजतंय! हळू चालवा. थोडी हवा सोडा. नको, सोडू नका. थांबवा! थांबवा म्हणते ना!" अहो, डबी हूं की चूं करत नाही, कारण सगळं ठीकच आहे! पण हवेचा काय भरवसा? ही उतरली, पर्स घेतली, नातीची झबली घेतली, मागून येणाऱ्या बसला हात केला आणि चढलीसुद्धा!

मग काय... पुढे बस, मागे मी. एकटा! चारही चाकं ठणठणीत, डबी आपली आकडे दाखवतेय, बघायला कोणी नाही. आणि त्या बसची टायरं? तुम्हाला सांगतो, मी मागूनच बघत होतो ना, पार गुळगुळीत, एकावर नक्षी शिल्लक असेल तर शपथ! माझा जीव टांगणीला! एका वळणावर बसची बाजू समोर आली आणि ही खिडकीत दिसली... काचेला डोकं टेकवलेलं, तोंड उघडं, गाढ झोपलेली.

झोपणारच! बसमध्ये कुठे डबी होती?