हरायची घाई

(मोन्तेविदेओ. कार्निवलातल्या रविवारची सकाळ. स्वयंपाकघरात विल्मार, त्याची बायको मिर्ता आणि सासू एलिदा. मिर्ता 'माते' नावाचा तिकडचा कडू काढा एकाच पेल्यात भरून आळीपाळीने देते आहे.)

एलिदा : आणि त्या बिचाऱ्या घोड्याने तुमचं काय घोडं मारलं होतं, जावईबापू?

विल्मार : बळी दिला, आई. बुद्धिबळात देतात तसा.

एलिदा : फुकट?

विल्मार : एका प्याद्यावर. म्हणजे फुकटच. मिर्ता, हे माते गार आहे.

मिर्ता : हो.

विल्मार : किटली तर चुलीवर आहे.

मिर्ता : आहे ना. पी.

एलिदा : आमच्या वेळी नकोशा पाहुण्याला गार माते द्यायच्या बायका. शिवीपेक्षा बरं, शेजारी ऐकत नाहीत. तुम्ही पुढे सांगा.

विल्मार : पुढे काय. काल रात्री आठ वाजता ही कार्निवलाच्या मंचावर, त्याआधी मी खुर्चीत, असं ठरलेलं. आणि माझ्या पटावर तीन तास काहीही घडत नव्हतं. दोन म्हाताऱ्या गायी रवंथ करत बसाव्यात तसा डाव. म्हटलं बरोबरी मागावी, तर ओमार मागे उभा. आमचा कप्तान. आमचे दोघं आधीच हरलेले, मीही गेलो तर क्लब खालच्या गटात. कानात म्हणाला, बरोबरी नाही. आणि हार मानलीस तर या दारातून परत आत यायचं नाही.

मिर्ता : मग सांगायचंस त्याला. बायको पहिल्यांदा एकटी गाणार आहे म्हणून.

विल्मार : तोंडाशी आलं होतं.

मिर्ता : आणि?

विल्मार : गिळलं. ओमारचं तोंड पाहिलं असतंस तर तूही गिळलं असतंस.

मिर्ता : घोडा मारायची हिंमत होती. एवढं वाक्य बोलायची नव्हती.

विल्मार : नव्हती. मग मी डोकं चालवलं. हार मानायला बंदी आहे, हरायला कुठे आहे? दणकून हल्ला करायचा, होतं नव्हतं ते उधळायचं, झटपट मात खायची आणि सुटायचं. वर लोक म्हणणार, गडी लढून पडला.

एलिदा : पडतानाही टोपी तिरकी हवी.

विल्मार : म्हणून घोडा घातला त्याच्या राजाच्या अंगणात. समोर तो दाढीवाला तरुण इंजिनियर. त्याने घोडा नुसता उचलून खायचा होता. तर हा डोकं धरून बसला. त्याला वाटलं, मी हे घरून शिजवून आणलंय.

एलिदा : घरी तर तुम्हाला अंडं शिजवता येत नाही.

विल्मार : ते त्याला कुठे माहीत? शेवटी भीतभीत खाल्ला. मी ताबडतोब हत्ती पुढे केला. आता तर त्याने कोट काढला, पाणी प्यायला, कोट परत घातला. मी जितकी घाई करावी तितका तो विचार करायचा. मी घड्याळाकडे बघतोय, तो माझ्याकडे. एवढा मोठा डाव खेळतोय आणि याला पटाकडे बघायचीही गरज नाही, असं वाटलं असणार त्याला.

मिर्ता : हत्तीचं काय झालं?

विल्मार : खाल्लाच नाही. खाल्ला असता तर मी टॅक्सीत असतो. घाबरून राजाला घेऊन पळाला, तो थेट माझ्या उंटाने वाट अडवलेल्या कोपऱ्यात. मी वजिराने शह दिला. का दिला? वजीर हाताजवळ होता म्हणून. त्याने हात पुढे केला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, मात आहे.

एलिदा : तुम्हाला दिसली नव्हती?

विल्मार : तो उठून गेल्यावर दिसली. ओमारने मिठी मारली, भिंतीवरच्या मोठ्या पटावर माझा डाव मांडून ठेवला. कोणी तरी विचारलं, ही कल्पना कधी सुचली? म्हटलं, दुपारपासून डोक्यात होती. खोटं नाही बोललो. घरी जायचंच होतं डोक्यात.

मिर्ता : आई, हसू नकोस.

एलिदा : मी कुठे हसतेय? ठसका लागला.

विल्मार : धावत पोचलो तेव्हा मंच रिकामा. एक माणूस खुर्च्या एकावर एक रचत होता. यातली माझी कुठली असेल, असं वाटून तिथेच उभा राहिलो.

मिर्ता : समोरची. मधली.

एलिदा : तिच्यावर माझी पिशवी होती. दोन बायकांशी भांडले त्या खुर्चीपायी. एकीशी तर आता जन्मात बोलणार नाही.

मिर्ता : तिसऱ्या कडव्याला खाली पाहिलं, तर आईची पिशवी बसलेली. तोंड रंगवलेलं, अंगावर तो झगमगाट, आणि शब्दच गेले. राग नाही आला, विल्मार. राग आला असता तर गायले असते. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

विल्मार : तू अडलीस, हे मला कोणी सांगितलंच नाही.

एलिदा : तुम्ही आलात तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सांगणार कोण, भिंत?

मिर्ता : मी थांबले तसा ढोलही थांबला.

एलिदा : चिटपाखरू हलेना. मी म्हटलं, संपलं, पोरगी विसरली. मग ही इतकी हळू गायला लागली की मागची माणसं पुढे सरकली. मघाची ती भांडकुदळ बाई रडत होती. मीही, पण मला सर्दी आहे.

मिर्ता : उतरल्यावर आमचे दिग्दर्शक म्हणाले, ती थांबायची जागा कधी बसवलीस? अशीच ठेव. रोज.

विल्मार : तू काय म्हणालीस?

मिर्ता : मान डोलावली. खोटं नाही बोलले, तुझ्यासारखीच.

एलिदा : एक हरायला गेला तो जिंकला, एक अडली ती गाजली. वरचा डोळे मिटून वाटप करतो, दुसरं काय.

विल्मार : तुझ्या कानामागे अजून निळा रंग आहे.

मिर्ता : असू दे. आज परत लावायचाच आहे.

विल्मार : आज ला तेखा वस्तीत गाणं आहे ना? क्लब गेला खड्ड्यात. मी दुपारीच जाऊन समोर बसतो.

मिर्ता : नको.

विल्मार : मिर्ता, ऐक तरी.

मिर्ता : समोर नको म्हणतेय. ती खुर्ची रिकामी लागेल मला. नाही तर थांबू कशी?

एलिदा : पिशवी आणू?

मिर्ता : आण.

विल्मार : आणि मी?

मिर्ता : तू मागे उभा राहा. तळलेल्या पोळ्यांच्या गाडीपाशी.

विल्मार : तिथून मी तुला दिसणार नाही.

मिर्ता : दिसू नकोस. पण असशील ना?

विल्मार : असेन. आज पुढच्या सामन्याची तयारी आहे क्लबात. ओमारला आत्ताच सांगतो, येणार नाही म्हणून.

मिर्ता : काय कारण सांगशील?

विल्मार : बायको गाणार आहे.

मिर्ता : मग आण तो पेला इकडे. पाणी गरम आहे.